संगणकावर चालणारी डिस्क प्लेअरवर का अडते?

आपला प्रश्न मला समजला तो असा. घरच्या एका समारंभाचे नव्वद मिनिटांचे चित्रीकरण आपण तीन कोऱ्या डिस्कवर वेगवेगळ्या प्रकारे बर्न केले. ज्या संगणकावर त्या बर्न केल्या, त्यावर तिन्ही व्यवस्थित दिसतात. टीव्हीला जोडलेल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये मात्र पहिली डिस्क, म्हणजे डीव्हीडी-आरडब्ल्यू, घातली की तो बराच वेळ खटपट करून 'नो डिस्क' दाखवतो. दुसऱ्या डिस्कवर आपण एमपी४ फाइल जशीच्या तशी कॉपी केली आहे. तिचे नाव पडद्यावरच्या यादीत येते, पण ती निवडली की काहीच घडत नाही. तिसरी डीव्हीडी+आर असून ती डीव्हीडी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मेनूसह बनवून १६एक्स वेगाने बर्न केली आहे. ती उत्तम सुरू होते आणि एक तास दहा मिनिटांच्या आसपास चित्र गोठते. शेवटी आपण विचारले आहे की, कोणत्या कंपनीच्या डिस्क घ्याव्यात म्हणजे हा त्रास संपेल.

कंपनीच्या प्रश्नाकडे मी येईन, परंतु तो क्रमाने शेवटचा आहे. आपल्या तीन डिस्कना तीन निरनिराळे आजार आहेत आणि त्यांतल्या एकाचाच संबंध डिस्कच्या दर्जाशी असण्याची शक्यता आहे. प्लेअर कोणत्या टप्प्यावर अडतो, हे नीट पाहिले तर अर्धे निदान तिथेच होते. ते न पाहता आपण डिस्क, वेग, सॉफ्टवेअर असे सगळे एकदम बदलत गेलो, तर एखादी डिस्क चालली तरी ती का चालली हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ट्रे आत गेल्यावर प्लेअर काय करतो, ते आधी सांगतो. लेसरचे भिंग वर-खाली होऊन फोकस शोधते, परत येणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणावरून डिस्क कोणत्या जातीची आहे याचा अंदाज बांधते, मोटर डिस्कला गती देते आणि डिस्कच्या अगदी आतल्या कड्यावर लिहिलेली ओळखीची माहिती वाचली जाते. त्यानंतर डिस्कची फाइल-व्यवस्था, म्हणजे फाइल कुठे ठेवल्या आहेत याची मांडणी, मग व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमधील, मेनू व प्रसंगांची माहिती देणारी आयएफओ फाइल आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष चित्र व आवाज असलेल्या व्हीओबी फाइल, असा हा क्रम आहे. शांत खोलीत हे कानांनीही ओळखता येते. भिंग फोकस शोधताना बारीक टिकटिक होते, मग मोटरचा सूर चढतो आणि एका पट्टीवर स्थिर होतो. टिकटिक चार-पाच वेळा होऊन मोटर थांबली, तर डिस्क ओळखलीच गेलेली नाही. अशा वेळी आपल्या फाइलमध्ये काय आहे याचा विचार करण्यात अर्थ नाही, कारण प्लेअर तिथवर पोहोचलेलाच नसतो. सूर स्थिर झाला आणि तरीही पडद्यावर नकार आला, तर दोष फाइल-व्यवस्थेत किंवा रचनेत शोधावा.

आता पहिली डिस्क. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कमध्ये, म्हणजे मायनस आरडब्ल्यू आणि प्लस आरडब्ल्यू या दोन्हींत, रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो आणि तो पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ ते ३० टक्केच प्रकाश परत पाठवतो. कारखान्यात साच्यातून काढलेली एक थराची डीव्हीडी आणि आपण एकदाच लिहितो ती आर जातीची डिस्क यांचे हेच प्रमाण ४५ ते ८५ टक्के असते. गंमत अशी की कारखान्यातील दोन थरांच्या डीव्हीडीचे परावर्तनही १८ ते ३० टक्केच असते. त्यामुळे जुना प्लेअर आरडब्ल्यू डिस्क पाहतो तेव्हा ती दोन थरांची आहे अशी समजूत करून घेतो, दुसरा थर शोधू लागतो, तो सापडत नाही आणि शेवटी हात टेकतो. नवीन डिस्क आणून हे बदलत नाही, कारण कोणत्याही कंपनीची आरडब्ल्यू घेतली तरी तिचे परावर्तन याच पट्ट्यात असणार. प्लेअरच्या पुस्तिकेत आरडब्ल्यू चालते असे स्पष्ट लिहिले नसेल, तर ती केवळ संगणकावर तालीम घेण्यासाठी वापरावी आणि अंतिम प्रत आर डिस्कवर करावी, हे माझे सरळ मत आहे.

'नो डिस्क' या उत्तरामागे आणखी दोन कारणे असतात आणि आर डिस्कवरही ती भेटतात, म्हणून ती इथेच नोंदवतो. पहिले कारण म्हणजे डिस्क फायनलाइज न करणे. लिहिणे संपल्यावर डिस्कच्या आतल्या कड्यावरील ओळखीची माहिती पूर्ण करून शेवटी समाप्तीची खूण लिहिली जाते, तेव्हाच ती साध्या प्लेअरच्या दृष्टीने डीव्हीडी होते. संगणकाचा ड्राइव्ह अर्धवट डिस्कही वाचतो, कारण ती लिहिण्याचेच काम त्याचे असते. प्लेअरला ती विद्या नसते. टीव्हीला जोडायच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा छोट्या ८ सेंमी डिस्कच्या कॅमेऱ्यावर चित्रण केले असेल, तर फायनलाइज त्याच यंत्रावर करावे. ते यंत्र विकून टाकल्यानंतर कपाटात अशा डिस्क सापडणाऱ्या मंडळींची अडचण मी अनेकदा पाहिली आहे. शिवाय रेकॉर्डरवर 'व्हीआर' पद्धत निवडलेली असेल, तर डिस्कवर व्हिडिओ_टीएसऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही नावाचे फोल्डर दिसते आणि अशी डिस्क फायनलाइज केली तरी बऱ्याच प्लेअरवर चालत नाही.

दुसरे कारण फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. डिस्कवरचा मजकूर फारच थोडा असेल, उदाहरणार्थ आठ-दहा मिनिटांची चित्रफीत, तर लिहिलेला भाग आतल्या अरुंद कड्यापुरताच राहतो आणि काही प्लेअरचे भिंग शोध घेताना त्याच्या बाहेर, कोऱ्या भागावर जाऊन पडते. प्रमाणानुसार लिहिलेला भाग किमान ७० मिमी व्यासापर्यंत पोहोचलेला असावा लागतो, आणि हिशेब केल्यास तो साधारण १ जीबी भरतो. म्हणूनच काही बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये 'किमान १ जीबी लिहा' अशा अर्थाचा पर्याय असतो. डिस्क तिरकी धरून उजेडात पाहिली, तर लिहिलेल्या आणि कोऱ्या भागाच्या छटेतील फरक आणि त्यांमधील गोल सीमा डोळ्यांना दिसते. ती सीमा मधल्या छिद्राच्या कडेपासून जेमतेम दोन सेंटिमीटरवर असेल, तर या शंकेला जागा आहे.

दुसऱ्या डिस्ककडे वळू. प्लेअरवर 'एमपीईजी-४' असे छापलेले पाहून आपण एमपी४ फाइल टाकली असावी, आणि ही चूक मोठी सयुक्तिक आहे. एमपीईजी-४ हे एका प्रमाणाचे नाव नसून अनेक भागांच्या एका कुटुंबाचे नाव आहे. प्लेअर बनवणाऱ्याला बहुतेक वेळा त्यातील भाग २ अभिप्रेत असतो, म्हणजे डिव्हएक्स आणि एक्सव्हिड ज्या पद्धतीने चित्र दाबून बसवतात ती पद्धत. आजचे फोन आणि कॅमेरे एमपी४ फाइलमध्ये भरतात ते भाग १०, म्हणजे एच.२६४, किंवा त्याच्याही पुढचे एच.२६५. फाइलचे आडनाव म्हणजे फक्त डब्यावरची चिठ्ठी असते. प्लेअर चिठ्ठी वाचून नाव यादीत दाखवतो, डबा उघडल्यावर आतला जिन्नस त्याला ओळखता येत नाही आणि तो गप्प बसतो. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडत आहे. फाइलच्या आत काय आहे ते मीडियाइन्फोसारख्या छोट्या साधनात क्षणात दिसते. ती माहिती पाहिल्याशिवाय फाइलचे नाव बदलून प्रयत्न करत बसू नये.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे प्लेअर खरोखरच डिव्हएक्स वाचत असेल तर फाइल एक्सव्हिडमध्ये रूपांतरित करून एव्हीआय म्हणून देणे. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ च्या आत ठेवावा, आवाज एमपी३ असावा आणि रूपांतर करताना क्यूपेल आणि जीएमसी हे दोन पर्याय बंद ठेवावेत, कारण प्लेअरच्या चिपला ते सहसा झेपत नाहीत आणि चित्रात चौकोनी तुकडे किंवा धक्के दिसू लागतात. हा मार्ग सोपा आहे, पण त्यावर भरवसा नाही. आपल्या प्लेअरवर चालणारी डिस्क नातेवाइकांच्या प्लेअरवर चालेलच असे नाही. प्रती इतरांना वाटायच्या असतील, तर दुसरा मार्ग, म्हणजे प्रमाणानुसार खरी डीव्हीडी-व्हिडिओ बनवणे, हाच मी सुचवतो.

इथे विंडोजच्या एका प्रश्नाबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण त्याने माझ्या माहितीतील असंख्य डिस्क वाया घालवल्या आहेत. कोरी डिस्क घातल्यावर विंडोज विचारते की, ही डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची आहे की सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत. पहिला पर्याय निवडला तर डिस्कवर अशी फाइल-व्यवस्था उभी राहते, जी साध्या प्लेअरला वाचता येत नाही. डीव्हीडी-व्हिडिओसाठी यूडीएफ या फाइल-व्यवस्थेची १.०२ ही जुनी आवृत्तीच लागते आणि तिच्या जोडीला आयएसओ ९६६० ही दुसरी फाइल-व्यवस्था असते. दुसरा पर्याय निवडला की लोकांची समजूत होते की आता डीव्हीडी तयार होईल. तसे होत नाही. विंडोज तिथे केवळ फाइल प्लेअरला वाचता येतील अशा व्यवस्थेत लिहिते. फाइलचे डीव्हीडी-व्हिडिओत रूपांतर करण्याचे काम ती करत नाही. जिन्नस तोच राहतो, फक्त फडताळ बदलते.

खऱ्या डीव्हीडी-व्हिडिओमध्ये चित्र एमपीईजी-२ पद्धतीचे असते. पाल या टीव्ही-पद्धतीत ते ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी, तर एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही-पद्धतीत ७२० बाय ४८० आणि २९.९७ चौकटी असे असते. आवाजाचा नमुनादर ४८ किलोहर्ट्झ असावा लागतो, सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ इथे चालत नाही, आणि एएसी किंवा एमपी३ आवाजही प्रमाणात बसत नाही. एसी-३, पीसीएम किंवा एमपी२ या आवाजाच्या प्रकारांपैकी एक निवडावा, आणि जागा व सुसंगतता या दोन्ही दृष्टींनी एसी-३ सर्वांत सोयीचा आहे. फोनवरचे चित्रण असेल, तर त्यात चौकटींचा दर स्थिर नसतो हे लक्षात ठेवून रूपांतराच्या वेळी तो २५ वर बांधून घ्यावा, नाहीतर शेवटाकडे ओठ आणि शब्द यांची फारकत होते. डीव्हीडीस्टायलर किंवा डीव्हीडी फ्लिक यांसारखी मोफत साधने हे सगळे स्वतः सांभाळतात आणि शेवटी व्हिडिओ_टीएस फोल्डर तयार करून देतात.

हे फोल्डर हाती आल्यावर ते जसेच्या तसे डेटा डिस्क म्हणून न लिहिता 'डीव्हीडी-व्हिडिओ' हा पर्याय निवडून लिहावे. कारण नुसती नावे बरोबर असून भागत नाही, फाइलची डिस्कवरची जागाही ठरलेली असते. प्रत्येक आयएफओ फाइलनंतर तिच्या व्हीओबी आणि त्यानंतर तिची बीयूपी, म्हणजे राखीव प्रत, अशा क्रमाने त्या लागोपाठ असाव्या लागतात. आयएफओ आणि बीयूपी एकाच ३२ केबीच्या त्रुटीसुधार-गटात येऊ नयेत असाही नियम आहे, नाहीतर एकच ओरखडा मूळ आणि राखीव अशा दोन्ही प्रती घेऊन जाईल. व्हिडिओ_टीएस हे फोल्डर डिस्कच्या मुळाशी असावे, दुसऱ्या एखाद्या फोल्डरच्या पोटात नसावे. इमगबर्नसारखे सॉफ्टवेअर फोल्डर ओळखून ही मांडणी आपोआप लावते आणि काही चुकले असेल तर तसे विचारतेही. तो प्रश्न न वाचता 'होय' दाबू नये.

तिसरी डिस्क सर्वांत रोचक आहे, कारण ती सत्तर मिनिटे चालते. याचा अर्थ ओळख, फाइल-व्यवस्था, आयएफओ, मेनू हे सगळे बरोबर आहे. उरतात दोन शक्यता: एक तर त्या क्षणाच्या चित्रप्रवाहात प्लेअरला न झेपणारे काही आहे, किंवा डिस्कचा तो भाग नीट वाचला जात नाही. या दोन शक्यता वेगळ्या करण्याची पद्धत फार सोपी आहे. तीच डिस्क पुन्हा लावून नेमके कोणत्या सेकंदाला चित्र गोठते ते कागदावर टिपावे, आणि हे तीन वेळा करावे. दर वेळी अगदी त्याच सेकंदाला अडत असेल, तर पुढची परीक्षा म्हणून तीच इमेज फाइल, म्हणजे डिस्कची संगणकावरची पूर्ण प्रत, दुसऱ्या जातीच्या डिस्कवर बर्न करून पाहावी. तिथेही तोच सेकंद आला, तर दोष चित्रप्रवाहात आहे. जागा पुढे-मागे सरकत असेल, कधी अडसष्टाव्या मिनिटाला तर कधी चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला, तर दोष वाचनाचा आहे.

आपण 'आसपास' असे लिहिले आहे, त्यावरून मला वाचनाचाच संशय अधिक येतो, आणि त्यामागे एक हिशेबही आहे. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. माहितीचा भाग केंद्रापासून २४ मिमी त्रिज्येवर सुरू होतो आणि पूर्ण भरलेल्या डिस्कवर ५८ मिमीपर्यंत जातो. नव्वद मिनिटांच्या, डिस्क पूर्ण भरणाऱ्या आणि सारख्या घनतेच्या चित्रफितीचे सत्तरावे मिनिट सुमारे ५२ मिमी त्रिज्येवर येते, म्हणजे डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून पाऊण सेंटिमीटरच्या जवळपास. रंगद्रव्याचा थर कडेकडे असमान होण्याची शक्यता जास्त, डिस्क किंचित वाकलेली असली तर तिचा तिरकेपणा तिथेच सर्वाधिक जाणवतो, आणि १६एक्सने बर्न करताना खरा १६एक्स वेग मिळतो तोही तिथेच. या वेगाला ड्राइव्ह डिस्क एकाच गतीने फिरवतो, त्यामुळे आतल्या कड्यावर लिहिण्याचा वेग साडेसहाएक्सच्या आसपास असतो आणि बाहेर जाता जाता तो वाढत जातो. तीन कमकुवत बाजू एकाच ठिकाणी एकत्र आल्या की चित्र तिथे अडले, यात नवल नाही.

म्हणून पुढची प्रत ८एक्सने काढावी. 'जितके हळू तितके चांगले' असे सर्रास सांगितले जाते, ते मला पटत नाही. प्रत्येक जातीच्या डिस्कवर किती ताकदीचा लेसर किती काळ मारायचा याची कृती ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, साठवलेली असते आणि १६एक्सच्या डिस्कसाठी ती मुख्यतः ८ ते १६एक्सच्या दरम्यान घासूनपुसून घेतलेली असते. अशा डिस्कवर २एक्स किंवा २.४एक्स वेग लादला तर निकाल उलट बिघडूही शकतो. मधला वेग बरा. आणि बर्न झाल्यावर पडताळणी, म्हणजे 'व्हेरिफाय', अवश्य करावी, पण ती दुसऱ्या ड्राइव्हवर. ज्याने बर्न केले तो ड्राइव्ह स्वतःच्या डिस्कला 'आपला तो बाब्या' या न्यायानेच पाहतो. त्याच्या भिंगाचा कोन आणि त्या डिस्कवरच्या खुणा एकमेकांना सरावलेल्या असतात. एकदा मी पूर्ण संध्याकाळ या समजुतीत घालवली की डिस्क निर्दोष आहेत, कारण पडताळणी स्वच्छ येत होती. शेजारच्या जुन्या लॅपटॉपमध्ये घातल्यावर वाचनाचा वेग शेवटच्या दहा टक्क्यांत कोसळताना दिसला आणि प्रश्न दोन मिनिटांत सुटला.

समजा आपल्या चाचणीत उलट निकाल आला आणि प्रत्येक डिस्कवर नेमका तोच सेकंद अडला, तर बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणाऱ्या माहितीचे प्रमाण, पाहावा. डीव्हीडी-व्हिडिओमध्ये चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट प्रतिसेकंद आणि चित्र, आवाज, उपशीर्षके सगळे मिळून १०.०८ मेगाबिट इतकी मर्यादा आहे. आता कुणी उत्तम दर्जाच्या हौसेने चित्राला ९ मेगाबिट दिले आणि आवाज पीसीएम ठेवला, तर नुसता स्टिरिओ पीसीएमच १.५ मेगाबिट खातो आणि बेरीज मर्यादेबाहेर जाते. शांत प्रसंगात हे निभावते. गर्दी, नाच, फटाके, पाण्याचे तुषार असे काही पडद्यावर आले की चित्राची मागणी उसळते आणि प्लेअरचा श्वास कोंडतो. त्या सेकंदाला पडद्यावर काय चालले आहे ते बघितले तरी उलगडा होतो. नव्वद मिनिटांच्या फितीला एक थराच्या डिस्कवर सगळे मिळून सरासरी सात मेगाबिटच्या थोडे आतच बसते, तेव्हा सरासरी साडेसहा आणि कमाल आठ ठेवली, तर दर्जात फरक दिसत नाही आणि धोकाही टळतो. शिवाय पालमध्ये चित्रांचा एक गट, म्हणजे एका पूर्ण चित्रापासून पुढच्या पूर्ण चित्रापर्यंतचा टप्पा, १५ चौकटींपेक्षा लांब असू नये. सर्वसाधारण रूपांतर करणारी साधने हा गट पुष्कळ लांब ठेवतात आणि मग पुढे-मागे उडी मारताना प्लेअर अडखळतो.

जागेच्या हिशेबात आणखी एक गफलत होते. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेले असते ते दशमान पद्धतीचे. संगणक मोजतो त्या पद्धतीने तीच जागा ४.३८ जीबी भरते. या शेवटच्या सीमेपर्यंत डिस्क ठासून भरू नये. मी साधारण ४.२ जीबीवर थांबतो, म्हणजे बाहेरचा सर्वांत खट्याळ पट्टा कोराच राहतो.

आपली तिसरी डिस्क प्लस आर आहे, म्हणून एक सोय सांगून ठेवतो. प्लस आर डिस्क बाजारात आली २००२ मध्ये, तर मायनस आर १९९७ पासून आहे. त्यामुळे जुन्या प्लेअरना मायनस आर जास्त ओळखीची. पण प्लस जातीत डिस्कच्या ओळखपत्रावर 'बुक टाइप' नावाचा एक रकाना असतो आणि तिथे ड्राइव्हला 'डीव्हीडी-रॉम' असे लिहायला सांगता येते. मग प्लेअरच्या दृष्टीने ती कारखान्यातून आलेली डिस्क ठरते. प्लस आरवर हे बर्न करण्यापूर्वीच ठरवावे लागते, प्लस आरडब्ल्यूवर नंतरही बदलता येते आणि मायनस जातीत ही सोयच नाही. ड्राइव्हला ही आज्ञा मान्य आहे की नाही हे इमगबर्नमध्ये पाहता येते. 'नो डिस्क' म्हणणारा हट्टी प्लेअर या एका बदलाने वळणावर आलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. मात्र परावर्तन कमी असण्याचा दोष यामुळे जात नाही, तेव्हा आरडब्ल्यूकडून फार आशा ठेवू नये.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क वापरायची असेल, तर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर उडी नेमकी कुठे मारायची हे ठरवावे लागते. ती जागा प्रसंग बदलतो तिथे असावी आणि पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान नसावा. चित्रफीत बरोबर मध्यावर गोठत असेल, तर पहिला संशय या उडीवर घ्यावा. खरे सांगायचे तर घरगुती कामासाठी एक थराच्या दोन डिस्क हा अधिक शांत झोपेचा मार्ग आहे.

चित्र येते पण ते काळे-पांढरे आहे, वर-खाली सरकते किंवा त्याचा आकार ताणलेला आहे, अशी तक्रार असेल तर डिस्क बिघडलेली नाही. पाल आणि एनटीएससीचा घोळ आहे आणि तो प्लेअरच्या सेटिंगमध्ये सुटतो. पालचे प्लेअर सहसा एनटीएससी डिस्क चालवतात, उलट बाजूने तितकी खात्री नसते. हाय डेफिनिशन चित्र साध्या डीव्हीडीवर एव्हीसीएचडी पद्धतीने लिहिले, तर ते केवळ ब्लू-रे प्लेअरच वाचतो, आणि तोही सगळे नाही.

डिस्कवर कागदी गोल लेबल चिकटवू नये. कधी काळी एका परिचितांसाठी मी चाळीसेक प्रतींवर हौसेने छापील लेबले लावली होती. काही महिन्यांनी कडेला फुगवटे आले, डिस्क किंचित वाकल्या आणि एकामागून एक शेवटच्या वीस मिनिटांत अडू लागल्या. लेबलच हवे असेल, तर छपाईयोग्य पृष्ठभागाची डिस्क घ्यावी किंवा मऊ टोकाच्या, डिस्कसाठीच्या पेनने लिहावे. बॉलपेन तर नकोच. डीव्हीडीमध्ये माहितीचा थर दोन ०.६ मिमी जाडीच्या चकत्यांमध्ये सुरक्षित असतो, पण सीडीमध्ये तो लेबलच्या अगदी खालीच असतो आणि बॉलपेनचे टोक थेट त्यावर उमटते.

आता आपला मूळ प्रश्न. खोक्यावरच्या नावावरून डिस्क कोणी बनवली ते कळत नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येतो. खरी ओळख डिस्कच्या आतल्या कड्यावर लिहिलेल्या माध्यम-संकेतात असते आणि तो इमगबर्नच्या माहितीच्या चौकटीत दिसतो. ड्राइव्ह हाच संकेत वाचून लेसरची कृती निवडतो. म्हणून एखाद्या खोक्यातील डिस्क आपल्या ड्राइव्हवर बर्न होऊन आपल्या प्लेअरवर नीट चालल्या, तर तो संकेत टिपून ठेवावा आणि पुढचे खोके घेतल्यावर प्रथम तो जुळतो का ते पाहावे. एखाद्या कंपनीचे नाव सांगण्यापेक्षा ही टिपण अधिक कामाची आहे.

तेव्हा आपण असे करावे. तिसऱ्या डिस्कची इमेज संगणकावर आहेच. ती कमाल बिटरेट आठ ठेवून आणि ४.२ जीबीच्या आत बसवून नव्याने तयार करावी, मायनस आर डिस्कवर ८एक्सने डीव्हीडी-व्हिडिओ म्हणून बर्न करावी, फायनलाइज झाल्याची खात्री करावी आणि दुसऱ्या ड्राइव्हवर पडताळावी. पडताळणी स्वच्छ आली आणि तरीही आपल्या प्लेअरवर ती अडली, तर तीच डिस्क दुसऱ्या कुणाच्या प्लेअरवर लावून पाहावी. तिथे ती शेवटपर्यंत चालली, तर आपल्या प्लेअरचे भिंग धुळीने मंदावले आहे किंवा लेसर थकला आहे. कारखान्याच्या डिस्कवरचे ठळक परावर्तन असा लेसर अजून वाचू शकतो, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवरच्या फिकट खुणा त्याला दिसेनाशा होतात. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा असे लेसरचे उगम वेगळे असल्याने, असा प्लेअर गाण्यांची सीडी मजेत वाजवत राहतो आणि त्यामुळे त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. भिंगावर मऊ, कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या फुंकणीने धूळ काढून पाहावी. त्याने फरक पडला नाही, तर डिस्कवर आणखी खर्च न करता प्लेअरचा वाचनभाग बदलून घ्यावा.

निकाल कळवताना डिस्कचा माध्यम-संकेत, बर्नचा वेग आणि गोठण्याचा नेमका सेकंद या तीन गोष्टी लिहाव्यात, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.